मिस्त्रींचा थंब लागेना

तालुक्याच्या गावी माझं सीएससी सेंटर आहे, सहा वर्षं झाली. पॅनकार्ड, पीकविमा, हयातीचे दाखले, लाइटबिल, असली सगळी कामं. दिवसाला पन्नासेक माणसं येऊन जातात, संध्याकाळी कुणी विचारलं आज कोण कोण आलं होतं तर मला धड सांगता येणार नाही. पण ते मिस्त्री मला तसेच्या तसे आठवतात, कारण अडीच तास ते काउंटरवर होते आणि त्यातला पाऊण तास तरी आम्ही दोघं फक्त त्यांच्या बोटांकडे बघत होतो.

दिवाळी नुकतीच झालेली, बांधकामाचा सीझन. असल्या दिवसात गवंडी माणूस सकाळी अकराला सेंटरवर दिसतो म्हणजे एक तर घरात काहीतरी झालंय नाहीतर त्याने काहीतरी फार मनावर घेतलंय. वय बावन्न, बरोबर सून, सुनेच्या कडेवर वर्षाचं पोर. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि चार घड्या घातलेला एक कागद, त्यावर कुणीतरी पेनाने लिहून दिलेलं, विश्वकर्मा योजना, फॉर्म फी मिळाली. मी म्हटलं किती घेतले. "राहू द्या ताई, गेले ते गेले." मीही जास्त खोदलं नाही, पण जाताजाता सांगते, पीएम विश्वकर्माच्या नोंदणीला कारागिराने एक रुपया द्यायचा नसतो. कुणी मागितला तर उठून यायचं.

योजना तशी साधी आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी असे हाताने काम करणारे १८ धंदे त्यात येतात. नोंदणी झाली, पडताळणी झाली की पाच ते सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, त्या दिवसांचे रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर, आणि मग पाहिजे असेल तर एक लाखापर्यंत कर्ज ५ टक्क्यांनी, १८ महिन्यांत फेडायचं. ते नीट फेडलं की पुढे दोन लाखांचं. हे सगळं मी एका दमात बोलले, दिवसातून चारदा बोलते त्यामुळे पाठच झालंय.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ट्रेनिंग कशाचं?"

"गवंडीकामाचं."

"मला?" एवढंच बोलले. तीस वर्षं भिंती बांधलेल्या माणसाला मी गवंडीकाम शिकायला पाठवत होते. सून खाली बघून हसली.

मग मी समजावलं की कर्जाची वाट ट्रेनिंगमधूनच जाते, ते केल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. त्यांना कर्ज कशाला हवं होतं तर सेंट्रिंगच्या प्लेटांना, स्लॅब ओतताना खाली लावतात त्या. प्लेटा भाड्याने आणायच्या, त्यात मजुरीतला बरा भाग जायचा, स्वतःच्या असत्या तर छोटी घरं अंगावर घेता आली असती. ह्या एका गोष्टीसाठी माणूस कामाचा दिवस मोडून आला होता.

मग त्यांनी हिशेब मांडला, आणि तो हिशेब मी अजून प्रत्येक फॉर्म भरताना आठवते. "माझी हजेरी आठशे. सरकार देणार पाचशे. म्हंजे दिवसाला तीनशे मीच घालतोय की. वर ते पाचशे कधी मिळणार?" मी म्हटलं नंतर, खात्यात. "मग सहा दिवस घरात काय?" मला उत्तर नव्हतं. आपण सगळे फी फी करतो, फी माफ, फीमध्ये सवलत, पण मोठ्या वयाच्या माणसाला शिकायला जाताना फी अडवत नाही हो, बुडालेली हजेरी अडवते. कॉलेजातल्या पोराचा दिवस बुडत नाही, ह्यांचा बुडतो. त्या मानाने रोजचे ५०० देणारी योजना बरीच म्हणायची, बऱ्याच ठिकाणी तेवढंही नसतं.

तरी ते म्हणाले, "भरा."

आणि इथून खरी गंमत. नोंदणीला आधारची बायोमेट्रिक लागते. मशीन पुढे केलं, उजवा अंगठा ठेवला, लाल. परत ठेवला, लाल. डावा, लाल. तर्जनी, मधलं बोट, सगळं करून झालं. हात धुवून आणले साबणाने, कोरडे केले, परत ओलसर केले, बोट तिरकं ठेवलं, दाबून ठेवलं, हलकं ठेवलं. काच तीनदा पुसली. मशीन खराब असेल म्हणून माझा स्वतःचा अंगठा लावून बघितला, पटकन हिरवा.

मग मी त्यांचा हात धरून उजेडात नेला. बोटांवर रेषाच नव्हत्या. गुळगुळीत, जागोजागी चिरा, चिरांमध्ये राखाडी भरलेलं. सिमेंटमध्ये चुना असतो, पाणी लागलं की तो कातडी खातो, वर विटांची घासण आणि थापी. हे मला माहीत नव्हतं असं नाही, शेतमजूर बायकांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं रेशनला असंच होतं, पण इथे ती गोष्ट मला वेगळीच बोचली. हा माणूस गवंडी आहे ह्याचा ह्याहून पक्का पुरावा कुठला असणार, आणि त्याच पुराव्यामुळे गवंड्याचा फॉर्म भरता येईना. मिस्त्री मात्र शांत. "ताई, बोटं गेली कामात," म्हणाले, जसं काय छत्री एसटीत राहिली.

उपाय दोन होते, दोन्ही करायचे. आधार सेंटरला जाऊन बोटं आणि डोळे नव्याने नोंदवायचे. आणि त्याआधी कातडी जरा भरून यायला पाहिजे, म्हणजे आठेक दिवस सिमेंटला हात लावायचा नाही, रात्री तेल लावून झोपायचं.

"आठ दिवस खाडा?"

मी मान डोलावली. पाचशे रुपये रोज मिळावा म्हणून आधी आठशेचे आठ दिवस घालवा, असं मी तोंडाने सांगत होते. ऐकणाऱ्याने मला मशीनसकट बाहेर फेकलं असतं तरी चाललं असतं.

हे चालू असताना मागे रांग वाढलेली. त्यात एक अडतीस वर्षांचा, कंपनी बंद पडून घरी बसलेला, आमचं सगळं ऐकत होता, मधेच म्हणाला मॅडम आमच्यासारख्याला काही आहे का, आता आयटीआयचं वय गेलं. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की वैताग येतो. आयटीआयला कमीत कमी १४ वर्षं पूर्ण लागतात, वरची अटच नाही. चाळिशीत जा, पन्नाशीत जा. दहावी नापासांना चालणारेही ट्रेड असतात. आणि प्रायव्हेट कोर्स करायचा असेल तर स्किल लोन म्हणून वेगळं कर्ज असतं, त्याची मर्यादा आधी दीड लाख होती, जुलै २०२४ मध्ये साडेसात लाख केली. मी त्याला एवढंच म्हटलं की कर्ज काढायच्या आधी कोर्सला मान्यता आहे का आणि तिथून बाहेर पडलेली दोन माणसं आज काय करतात ते बघून ये, ब्रोशर बघू नको. तो जूनमध्ये येतो म्हणून गेला. आला नाही अजून.

आता सुनेचं. ती नुसती सोबत आली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. मिस्त्री आधार सेंटरची वेळ विचारायला बाहेर गेले तेव्हा हळूच म्हणाली, मला शिवण शिकायचंय, ह्यात माझं पण नाव टाकता येईल का, घरटी एकच चालतो ना. घरटी एक हे खरं, पण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, त्यामुळे सासऱ्यांच्या फॉर्मने तिचं दार बंद होत नाही. अडचण दुसरीच होती. विश्वकर्मा हे धंदा आधीपासून करणाऱ्यांसाठी आहे, तिने मशीनला कधी हात लावलेला नव्हता. खोटं लिहून नाव घालणारे आहेत, मी घालत नाही, पुढे पडताळणीत गावासमोर लाज जाते.

तिला मी आरसेटीचं सांगितलं. बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, मूळ कल्पना कर्नाटकातल्या उजिरेची, १९८२ सालची, मग ती देशभर पसरली. शिकवणं फुकट, राहणं फुकट, जेवण फुकट, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मागे लागून धंदा चालू झाला का विचारतात, मला तर हा भाग सगळ्यात आवडतो. ती म्हणाली राहायला कशी जाऊ, आणि पोराकडे बघितलं. बरोबरच होतं. मग म्हटलं पुरेशा बायका जमल्या तर ते लोक गावात येऊनही बॅच घेतात, तू यादी कर, मी फोन लावते. तिने त्याच दिवशी माझ्याकडची जुनी बिलाची पाठकोरी पानं नेली यादीला. दीड महिन्याने सव्वीस नावं घेऊन आली, त्यातल्या चौघींना तिने कसं तयार केलं ती वेगळीच कहाणी आहे, पण बॅच झाली, गावच्या समाजमंदिरात.

मिस्त्रींनी आठ दिवसांचा खाडा केला नाही, पाच केले, तेही घरात भांडण करून. आधार अपडेट झालं आणि काही दिवसांनी परत आले. अंगठे लाल. तर्जनी लाल. मी आशा सोडली होती, शेवटी गंमत म्हणून डावी करंगळी ठेवायला लावली. हिरवी! करंगळीला विटेचं काम पडत नाही वाटतं. दुकानातल्या चार अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या, मिस्त्री मात्र करंगळीकडे असं बघत होते की एवढी वर्षं ही फुकट खात होती.

पुढे पडताळणीचे तीन टप्पे, पहिला ग्रामपंचायतीचा, मग जिल्ह्याचा, मग स्क्रीनिंग कमिटीचा. ते सगळं सावकाश झालं. मधे मी त्यांचं खातं बघून घेतलं, कारण बरेच लोक म्हणतात आधार लिंक आहे, पण सरकारी पैसा ज्या एका खात्याला मॅपिंग आहे, म्हणजे बँकेने सरकारी पैशासाठी आधारशी जे जोडलंय, तिथेच जातो आणि माणूस दुसऱ्याच पासबुकावर एंट्री मारत बसतो. ट्रेनिंगचा मेसेज आला तेव्हा ऊन तापलं होतं, पावसाळा तोंडावर.

परत आले ते पेढे घेऊन वगैरे नाही, स्टायपेंड जमा झाला का बघायला. झाला होता. मी विचारलं काय शिकवलं हो तुम्हाला. म्हणाले, "पहिल्या दिवशी तो पोरगा आम्हाला ओळंबा कसा धरायचा दाखवत होता, मी गप बसलो. पण तिसऱ्या दिवशी नकाशा वाचायला शिकवला." तीस वर्षं नकाशा इंजिनिअरने वाचायचा आणि ह्यांनी बांधायचं. आता कुठली भिंत किती इंचाची ते कागदावरून सांगतात, आणि मोबाइलवर क्यूआर पण घेतलाय. कर्जाचं अजून बँकेत चालू आहे, दोन हेलपाटे झाले, तिसऱ्याला मी बरोबर जाणार आहे.

गेल्या आठवड्यात ते आणखी दोन गवंड्यांना घेऊन आले. "आठ दिवस तेल लावून आणलेत," मला अभिमानाने सांगितलं. पहिल्याचा अंगठा ठेवला आणि पहिल्याच दमात हिरवा. मिस्त्रींनी त्याच्याकडे वरून खाली बघितलं.

"काय रे, खरंच गवंडी हायेस ना तू?"