तीन पोती उडीद

मी मूळचा लातूरचा, डाळमिलींच्या गावचा. म्यानमारमधून आपल्याकडे येणारा उडीद भरण्याआधी तपासायचा, हे तेव्हा माझं काम. तिकडे उडदाला 'मातपे' म्हणतात. स्वतः फारसा खात नाहीत, पिकवतात तो बहुतेक आपल्यासाठीच. यांगोनच्या बयिननौंग बाजारात पोत्यात सळई खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, मीटरमध्ये टाकायचे. आमचा सौदा 12 टक्के ओलाव्याचा. त्यावर गेलं की कंटेनरच्या उष्म्यात बुरशी धरलीच म्हणून समजा.

एप्रिल 2016. थिंजान, म्हणजे तिकडचा नववर्षाचा पाणी उडवण्याचा सण, तोंडावर आलेला. शब्द आपल्या संक्रांतीचाच, फक्त सूर्य मेषेत शिरतो तेव्हाचा. 'तज्यामिन', म्हणजे आपला इंद्र, त्या दिवसांत खाली उतरतो. चांगल्यांची नावं सोन्याच्या वहीत लिहितो, वाईटांची कुत्र्याच्या कातड्यावर. एकदा सण लागला की बाजार, बँका, धक्का सगळं ठप्प. म्हणून आदल्या संध्याकाळी, 'अक्यो'च्या दिवशी, शेवटचा ट्रक काढला.

पाण्याची खरी धमाल दुसऱ्या दिवसापासून, पण पोरांना कुठला धीर! एका वळणावर पिंप मांडून, पाइप धरून दहा-बाराजण उभे. आमची ताडपत्री मागच्या कोपऱ्यात फाटलेली. मी उडी टाकून खाली उतरलो आणि हात पसरून अस्सल लातुरी मराठीत ओरडलो, "अरे पाणी नका टाकू!" त्यांना ते आमंत्रणच वाटलं. डोळे उघडले तेव्हा खिशातली नमुन्यांची वही लगदा झालेली, आणि पाइप ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर फिरत होता.

मग गोदामाचे म्हातारे मुकादम उतरले. मी त्यांना 'ऊले' म्हणायचो, काका. त्यांनी लुंगी खोचली, पोरांच्या आणि ट्रकच्या मधे रस्त्यात फतकल मारली आणि काहीतरी म्हणाले. सगळी पोरं त्यांच्यावर तुटून पडली. ट्रक हळूच पुढे सरकला. काय म्हणालात, विचारलं तर त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "बोला, बूढ़ा सूखा है."

धक्क्यावर पोती उतरवली. मागच्या कोपऱ्यातली तीन ओली. मीटरने 17 दाखवले. बाकीची 11च्या आसपास. तीन बाजूला काढली, उरलेली भरली, कंटेनरला सील लागलं.

मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत होता म्हणून वाचला. काढला तर बायकोने फोटो पाठवलेला: मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. 10 वॅगन, सुमारे 5 लाख लिटर. महिनाभरापूर्वी तिकडे पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लागलेली. ऊलेंनी डोकावून विचारलं, यात तेल का? म्हटलं, पाणी. प्यायचं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांच्या बनियनमधून अजून पाणी निथळत होतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, हे कबूल करतो. त्यांचा काय दोष, ते कळत होतं, तरी आला.

दुसऱ्या दिवशी गोदामापाशी गेलो. फाटकावर पदौकची पिवळी फुलं. एक मुलगी चांदीचं भांडं घेऊन आली, थबिएच्या डहाळीने माझ्या खांद्यावर चार थेंब शिंपडले, कमरेत वाकली आणि गेली. जुनी रीत हीच, पाइप नंतरचे.

आत मोठा तवा तापलेला. थिंजानमध्ये येईल त्याला फुकट जेवू घालायचं, त्याला 'सतुदिथा' म्हणतात. ऊलेंनी गल्लीतल्या तमिळ डोसेवाल्याला ती ओली पोती देऊन टाकली होती. डोशाला तिकडे 'तोशे' म्हणतात. पीठ नीट आंबलं नव्हतं, रात्रीतनं किती आंबणार. पण कडा कुरकुरीत होत्या. मी पाच खाल्ले. रांगेत कालची पोरंही होती, परत भिजलेली.

रिपोर्टात 'घट: 3 पोती' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात फक्त 'पाणी'. आठवड्याने लातूरहून मालकांचा फोन.

"एप्रिलात पाणी? कुठलं हो?"