नांगर सोडून इटलीला गेलेली पोरं

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडची कितीतरी शेतकऱ्यांची पोरं नांगर सोडून मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाली आणि थेट इटलीला पोचली, पण शाळेत हे कुणी नीट सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. नामदेव जाधवांचंच घ्या, ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी, समोरून मशीनगनचा मारा चालू, आणि हा साधा शिपाई दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप घेऊन आला, मग परत जाऊन एकट्याने शत्रूच्या मशीनगन गप्प केल्या, तेही हाताला गोळी लागलेली असताना! व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा युद्धातल्या शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, मिळाला त्यांना. युद्ध संपलं तसे बरेच जवान गावी येऊन पुन्हा शेतीला लागले, तुमच्या गावातही असं एखादं घर असेल, त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्या प्लीज.