तुम्ही विचारलंत म्हणून: चालत्या कीबोर्डात फर्मवेअर काहून टाकता?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात अर्ज टाइप करून घ्यायला येणारे लोक माझा दोन तुकड्यांचा कीबोर्ड पाहून आधी ‘तुटला काय जी?’ म्हणतात. कॉम्प्युटर शिकलेले पोट्टे पुढचं विचारतात: चांगला चालतो, मग त्यात दुसरं फर्मवेअर, म्हणजे आतल्या चिपवर चालणारा प्रोग्राम, काहून टाकता?

ड साठी.

या कीबोर्डाचं नाव कॉर्न, बटणं 42. मी इनस्क्रिप्टवाला, म्हणजे भारतीय भाषांच्या सरकारी प्रमाण मांडणीवर टाइप करणारा. स्वर-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. दुभंगलेल्या कीबोर्डाला याहून सोयीचं काय असणार? पण इनस्क्रिप्टचा ड असतो पी च्या शेजारच्या चौकटी कंसावर आणि डॉ मधला अर्धचंद्र-काना उलट्या तिरप्या रेघेवर. कॉर्नच्या मुख्य लेयरवर, म्हणजे दुसरं बटण न धरता मिळणाऱ्या मांडणीत, ही दोन्ही बटणं नाहीत. ‘डॉक्टर’ लिहायला सुरुवातीलाच अडलं. ग्रामपंचायतीच्या ठरावात तर निवड, वाडी, पडीक, झुडपं, ड शिवाय ओळ सरकत नाही.

कीबोर्डाला मराठी येत नाही. तो फक्त बटणाचा नंबर पाठवतो, त्याचा ड कॉम्प्युटर करतो. म्हणून क्यूएमके नावाच्या फर्मवेअरच्या कीमॅपमध्ये, म्हणजे कोणतं बटण काय पाठवेल त्या यादीत, मी बॅकस्पेसच्या जागी कंस बसवला आणि बॅकस्पेस अंगठ्याखाली आणला. अर्धचंद्र-काना मिळतो ो आणि े एकदम दाबल्यावर. मराठीत दोन मात्रा लागोपाठ येत नाहीत, त्यामुळे ही जोडी चुकून लागत नाही. च आणि ट ची जोडी ठेवली असती तर ‘चटणी’ नासली असती.

नेटवर एक सल्ला हमखास मिळतो: मधल्या ओळीतली बटणं दाबून धरली की कंट्रोल, शिफ्ट व्हावीत. इंग्रजीत चालत असेल. आपला हलंत नेमका डी वर आहे. ‘स्वाक्षरी’ लिहिताना त्यावर बोट 200 मिलिसेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलं की व ऐवजी कंट्रोल-बी जातो आणि पुढचा मजकूर ठळक होतो. मी ते ठेवलंच नाही.

टाकायचं काम किरकोळ आहे. माझ्या बोर्डात आरपी2040 चिप आहे. बूटचं बटण दाबून धरून यूएसबी जोडली की पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह उघडतो. त्यात यूएफ2 फाइल, म्हणजे तयार फर्मवेअर, टाकायची, बोर्ड आपोआप सुरू होतो. दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळं करावं लागतं. दोन अर्ध्यांमधली वायर मात्र यूएसबी काढल्याशिवाय काढू-घालू नका, शॉर्ट होऊन चिप जाऊ शकते.

‘मधातच लाइन गेली तर?’ हा आपल्याकडचा खास प्रश्न. काही होत नाही. बूटलोडर, म्हणजे नवं फर्मवेअर आत घेणारा छोटा प्रोग्राम, चिपच्या न पुसल्या जाणाऱ्या रॉममध्ये असतो, लाइन आली की पुन्हा फाइल टाका.

एखाददुसरं बटणच बदलायचं असेल, तर व्हायलवालं, म्हणजे स्क्रीनवरून बटणं बदलू देणारं, फर्मवेअर एकदा टाकून घ्या; पुढचे बदल क्रोममधूनच होतात, कंपाइल करावं, म्हणजे कोडमधून नवी फाइल बनवावी, लागत नाही. आणि नवी मांडणी बोटांत बसेपर्यंत तहसीलचे अर्ज जुन्याच कीबोर्डावर करा, गिऱ्हाईक थांबत नाही.