पुस्तकाचं दुकान, उभ्या उभ्या

पुण्यात अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये निवांत पुस्तकं चाळायला निघालेल्या माणसाला कुणीतरी वाटेतच अडवायला हवं. त्या दिवसांत तिथे पुस्तक चाळत नाहीत, मागतात. "आठवीचा सेट, सेमी." दुकान रुंदीला जेमतेम आठ-दहा फूट, पुढे काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या, शिडीवर एक पोरगा आणि गिऱ्हाईक फुटपाथवर. पाठ्यपुस्तकं, गाईडं आणि स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड ठोकळ्यांवर अशा कितीतरी दुकानांचं भाडं निघतं. कवितासंग्रह तिथे पोटभाडेकरूसारखे राहतात.

या काउंटरच्या दुकानांना हल्ली जुनाट म्हणतात. वाचकाला फळीपर्यंत जाता यावं, हे बरोबरच आहे. पण काउंटरची एक गंमत असते: तिथे तोंड उघडावं लागतं. उघड्या कपाटांच्या दुकानात माणूस तासभर फिरून एक शब्द न बोलता बाहेर पडू शकतो. काउंटरवर मात्र त्याला सांगावं लागतं, "नाव आठवत नाही हो, पण निळं कव्हर होतं, बाई कोकणातल्या आहेत, पेपरात परीक्षण आलं होतं." चांगला विक्रेता यावर दोनच प्रश्न विचारतो: परीक्षण साधारण कधी आलं होतं, आणि पुस्तक स्वतःला हवंय की कुणाला द्यायला? तोवर शेजारी उभा असलेला तिसराच कुणी नाव सांगून मोकळा झालेला असतो. पुस्तकांच्या दुकानातल्या गप्पा अशा सुरू होतात. मॅजेस्टिक या पुस्तकविक्रेत्या-प्रकाशकांनी लेखक-वाचकांच्या जाहीर कार्यक्रमांना ‘गप्पा’ हेच नाव दिलं, त्यात नवल नाही.

मांडणीतही घोळ असतो. जुन्या दुकानांत पुस्तकं प्रकाशकवार लावतात, कारण बिलं प्रकाशकाची, हिशेब प्रकाशकाशी आणि न खपलेल्या प्रतीही त्यालाच परत करायच्या. वाचक मात्र लेखकाच्या नावाने विचार करतो. बरं, लेखकवार लावावीत, तर राम गणेश गडकऱ्यांची नाटकं एका नावावर, कविता गोविंदाग्रज या नावावर आणि विनोदी लेख बाळकराम या नावावर. एकाच माणसाला तीन फळ्यांवर बसवायचं की तिन्ही नावं गडकऱ्यांच्या घरात आणायची? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण मग गोविंदाग्रजांच्या जागी एक चिठ्ठी चिकटवावी लागते, आणि ती चिठ्ठी आठवड्यात कुणाच्या तरी कोपराने पडते.

फळ्यांचं गणित सुतारावर सोडू नये. डेमी आकाराचं पुस्तक साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद. दोन फळ्यांमध्ये दहा इंच आणि खोली आठ इंच पुरे. सुतार हौसेने बारा इंच खोली देतो, मग कुणीतरी पुढच्या रांगेमागे दुसरी रांग लावतं, आणि मागची रांग मालकालाही दिसेनाशी होते. दोनशे पानांचं पुस्तक साधारण पाव किलोचं. तीन फुटांच्या फळीवर अशी सत्तर-ऐंशी मावतात, म्हणजे वीस किलोच्या आसपास वजन. पाऊण इंची प्लाय तेवढं पेलतो. फळी चार फुटांची केली की मध्ये झोळ पडतो. दोन कपाटांमध्ये तीन फूट वाट हवीच, नाहीतर खालच्या फळीसमोर उकिडवा बसलेला वाचक येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खातो. अशा दुकानाला तो फार काळ वाचक राहत नाही.

सगळ्यात खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर ठेवावी आणि कपाट भिंतीला चिकटवू नये. पावसाळ्यात भिंत ओल धरते, मग पुस्तकाला वास येतो, आणि वास लागलेलं पुस्तक निम्म्या किमतीतही जात नाही. कव्हरांचं दुखणं वेगळं. लॅमिनेशन फक्त बाहेरून असतं. आतला कागद दमट हवेत फुगतो, वरचं प्लॅस्टिक फुगत नाही, म्हणून कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. अशा प्रती कणा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करून आडव्या रचाव्यात आणि वर वजन ठेवावं. बऱ्याचशा सरळ होतात. बांधणीतली चूक मात्र दुरुस्त होत नाही. सोळा पानांचा एखादा फॉर्मा, म्हणजे एकत्र घडी घातलेला जुडगा, दोनदा लागलेला असतो किंवा उलटा. कादंबरी बत्तिसाव्या पानावरून पुन्हा सतराव्यावर गेली की वाचक आधी लेखकाचा प्रयोग समजतो, मग दुकानात येतो. गठ्ठा सोडतानाच पृष्ठक्रमांक भरभर पाहून घेतले, तर ही वेळ येत नाही.

पैशाचं बोलायचं तर, तीनशे रुपयांच्या पुस्तकावर प्रकाशकाने तीस टक्के कमिशन दिलं की हाती येतात नव्वद. गिऱ्हाईक दहा टक्के सूट मागतंच, उरले साठ. त्यात भाडं, वीज, पगार, टेम्पो. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, हे ऐकायला छान वाटतं. पण विक्रीवर करच नाही, म्हणून जागेच्या मालकाने भाड्यावर लावलेला अठरा टक्के कर वळताही करून घेता येत नाही. अशात कुणी सल्ला देतं, कॉफीचं यंत्र बसवा, सोफे टाका, लोक जमतील. एक स्टूल ठेवावं, एकच. ते म्हाताऱ्या माणसांसाठी. चार खुर्च्या टाकल्या की चार जुनी मंडळी त्या अडवतात, आणि नवीन मुलीला आपण कुणाच्या घरात शिरलो की काय असं वाटून ती दारातूनच परत जाते. पुस्तकाच्या दुकानातली बैठक उभ्यानेच बरी.

ती पाहायची असेल, तर ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर जावं, किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीच्या परिसरात. ही दुकानं मोजक्या दिवसांची. टेबलं कमरेच्या उंचीची, पुस्तकं आडवी, तोंडं वर, त्यामुळे गर्दीतूनही नाव वाचता येतं. पुढच्या कडेला स्वस्त पुस्तिका, मागे शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड. विक्रेते सुट्या नोटांची थप्पी आधीच जमवून ठेवतात, कारण दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकेला पाचशेची नोट पुढे आली की मागची रांग तुंबते. रांग तुंबली की मात्र बोलणं सुरू होतं. कुठल्या गावाहून आलात, गावात वाचनालय आहे का, हा खंड मिळाला का तुम्हाला, आम्ही मघापासून शोधतोय. तो पलीकडच्या तिसऱ्या टेबलावर आहे, हे सांगणारा बहुधा विक्रेता नसतोच.