अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नवा ड्रोन घेऊन पुण्याच्या विमानतळाजवळच्या विमाननगरला आमच्याकडे आला आणि आल्या आल्या गच्चीची किल्ली मागू लागला. "मामा, हा अडीचशे ग्रॅमच्या आत आहे, याला परवाना लागत नाही," असे तो म्हणाला. वैमानिकाच्या परवान्यापुरते ते खरेही होते. परंतु ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा, 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडला, तेव्हा आमची सोसायटी लाल रंगात होती. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही, मग तो कितीही हलका असो.

हलक्या ड्रोनने काय बिघडते, हे ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये दिसले. पॅलिसेड्सचा वणवा विझवणाऱ्या, कॅनडाहून आलेल्या विमानाला असाच छोटा ड्रोन धडकला आणि डाव्या पंखाला भोक पडले. विमान सुखरूप उतरले, पण ऐन वणव्यात दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावे लागले. तो ड्रोन सांता मोनिकातील एका पार्किंगच्या इमारतीवरून, आग पाहण्यासाठी, बंदी असलेल्या हवाई क्षेत्रात सोडलेला होता आणि सुमारे अडीच किलोमीटर दूर गेल्यावर उडवणाऱ्याच्या नजरेआड झाला होता. विमानावर पक्षी आदळला, तर त्याचे शरीर आघाताने चेपते. ड्रोनमधील मोटर आणि बॅटरी मात्र टणक असल्याने पत्रा भेदून आत घुसू शकतात.

त्याच महिन्यात डीजेआय कंपनीने अमेरिकेत आपल्या ड्रोनमधील जिओफेन्सिंगचे कुलूप काढून टाकले. विमानतळाजवळ जो ड्रोन पूर्वी उडण्यासच नकार देत असे, तो आता फक्त इशारा देतो. जबाबदारी उडवणाऱ्याची, हा कंपनीचा युक्तिवाद कायद्याला धरून असला, तरी मला तो पटत नाही, कारण नवशिक्याला नियम ठाऊक नसतो तेव्हा ते कुलूपच त्याला अडवते. आपल्या नियमांत जिओफेन्सिंग, थेट माग काढण्याची सोय आणि 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' ही व्यवस्था सक्तीची करण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. तो वापरताना सर्वांत छोट्या ड्रोनना वगळू नये, असे मला कळकळीने वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही शहराबाहेर, नकाशावर हिरव्या दिसणाऱ्या एका माळावर गेलो. ड्रोन ठिपक्याएवढा दिसू लागला, की भाचा स्क्रीनवरून मान वर करून आधी तो शोधत होता आणि मगच पुढे नेत होता.