मार्क वाढले म्हणजे मेंदू सुधारला का?

पासॅट या लक्ष आणि विचारांचा वेग तपासणाऱ्या टेस्टमध्ये दर 3 सेकंदांनी एक अंक ऐकू येतो, तो आधीच्या अंकात मिळवून उत्तर बोलायचं, आधीच्या उत्तरात नाही, आणि हीच खरी गोची कारण आपलंच उत्तर डोक्यात घोळत राहतं. डोक्याला मार लागलेल्यांसाठी न्यूझीलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल यांनी 1977 मध्ये यावर पेपर लिहिला, पुढे एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) पेशंटसाठीही ती वापरली गेली.

पण दुसऱ्यांदा बसलं की बहुतेकांचे मार्क वाढतात, सराव होतो ना! पुढचे पुढेच राहतात, मागचे मागेच, म्हणून दोन्ही वेळच्या मार्कांचं कोरिलेशन (एकमेकांशी जुळणं) मस्त येतं आणि टेस्ट भरवशाची वाटते. मला हे फार खटकतं, औषध लागू पडलं की नुसता सराव झाला हे त्यावरून कळतच नाही. आधी सराव करून घ्या, मगच बेसलाइन (तुलनेसाठी सुरुवातीचे मार्क) धरा, आणि कंट्रोल ग्रुप, म्हणजे ते औषध न घेणारा तुलनेचा गट, तर हवाच.