सँटोरिनी का नाही केलं, तर...

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतेय, यापुढे जो विचारेल त्याला हेच पाठवणार. "ग्रीसपर्यंत गेलात आणि सँटोरिनी नाही केलंत?" लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, लिफ्टमध्ये विचारून झालं, एका बाईंनी तर तेराव्याच्या जेवणाला शेजारच्या पानावरून विचारलं. आणि विचारताना चेहरा असा की काशीला जाऊन विश्वेश्वराचं दर्शन न घेताच परत आलोय आम्ही.

आजवर मी काय काय उत्तरं दिली तेही सांगते. गर्दी फार असते. मला बोट लागते. ओव्हररेटेड आहे हो. यातलं एकही खरं नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये वडापाव खात गेलेली बाई आहे मी, मला कसली बोट लागतेय. आणि न पाहिलेल्या गावाला ओव्हररेटेड म्हणणारी माणसं मला स्वतःलाच सहन होत नाहीत, तरी ग्रुपवर तो शब्द मीच टाइप केला, खाली तेरा अंगठे आले, मग मागे घ्यायची सोय राहिली नाही.

पिरेयसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, सँटोरिनी बेटाच्या फेरीबोटीची तिकिटं काढलेली होती. हॉटेलचे पैसे भरलेले होते, ते परत मिळाले नाहीत. आमच्याबरोबरचे बाकी सगळे गेले, निळ्या घुमटांसमोरचे फोटो तुम्ही पाहिलेतच. आम्ही दोघं मागे राहिलो, नाफ्लिओ नावाच्या समुद्रकाठच्या गावी. भांडण झालं नव्हतं. (ही थिअरी कुणाची आहे ते मला माहितीये.) आमच्या ह्यांनी "लिही आता, किती दिवस झाकणार" म्हटलं म्हणून लिहितेय, नाहीतर अजूनही बोट लागते यावरच ठाम राहिले असते.

कारण घडलं ते एपिडॉरसला, नाफ्लिओजवळचं ते प्राचीन ठिकाण. तिथे काय आहे एवढं, दगडाचं थिएटरच ना, हा दुसरा प्रश्न. थिएटर आहेच, पण ती मूळ जागा थिएटरची नाही, आजारी माणसांची आहे. अस्क्लेपिओस म्हणजे ग्रीकांचा वैद्यकीचा देव, काठी आणि तिला गुंडाळलेला साप, ते चित्र तुम्ही केमिस्टच्या बिलावर पाहिलं असेल. त्याचं हे सगळ्यात मोठं ठाणं. लांबलांबून लोक यायचे, अंघोळ करून, नैवेद्य दाखवून एका लांबलचक ओसरीसारख्या इमारतीत रात्री झोपायचे आणि देव स्वप्नात येऊन बरं करायचा किंवा काय करायचं ते सांगायचा. सकाळी बरं वाटलं की देणगी. अशा बऱ्या झालेल्यांच्या गोष्टी कोरलेले शिलालेख पॅनागिस कावादियास या ग्रीक पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात सापडले, १८८१ पासून खणत होते ते तिथे. काही तिथल्याच म्युझियममध्ये आहेत. म्युझियम छोटंसं, बसवाले तिथे दहा मिनिटं देतात, तुम्ही जाल तेव्हा भांडून जास्त घ्या. एक पाच वर्षं गरोदर असलेली बाई आहे त्या शिलालेखांत. एक अँब्रोसिया नावाची अथेन्सची बाई आहे, एका डोळ्याने अधू, ती तिथल्या चमत्कारांच्या गोष्टी वाचून हसली; तर देव स्वप्नात येऊन म्हणाला बरं करतो, पण तू बावळटपणा केलास त्याची आठवण म्हणून चांदीचं डुक्कर वाहायचं. मला ही बाई फार आवडली. आणि एक मुका मुलगा आहे, त्याच्याकडे मी नंतर येते.

अजून एक नियम होता तिथे, पॉसेनियस या प्रवाशाने दुसऱ्या शतकात नोंदवलेला. देवाच्या आवारात कुणी मरायचं नाही आणि कुणी बाळंत व्हायचं नाही. अत्यवस्थ माणसाला आवाराबाहेर नेऊन ठेवायचे. पुढे रोमन काळात अँटोनायनस नावाच्या एका सिनेटरने अशांसाठी वेगळं घर बांधून दिलं तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यावर छप्पर आलं. वाचून मी म्हटलं, चांगलं आहे, सक्सेस रेट शंभर टक्के.

आता थिएटर. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, खालच्या ३४ रांगा तेव्हाच्या आणि वरच्या २१ मागाहून वाढवलेल्या, म्हणजे ५५. डोंगराच्या उतारात बसवलंय, मधोमध मातीचं गोल अंगण आणि त्याच्या बरोब्बर मध्यावर एक गोल दगड. १९५० च्या दशकापासून तिथे दर उन्हाळ्यात पुन्हा नाटकं होतात, ऑपेरा गायिका मारिया कॅलास १९६० मध्ये तिथे गायलीये. जगातला प्रत्येक गाइड त्या दगडापाशी येऊन नाणं टाकतो, कागद फाडतो, टाळी वाजवतो, आणि वर बसलेले लोक "आऽऽ" करतात. आमच्या ह्यांनी यासाठीच तर ग्रीसचा हट्ट धरला होता. नाटकवेडा माणूस. गडकरी रंगायतनला आम्ही इतकी वर्षं जातोय की तिथला वडेवाला ओळखतो. बरं, मागची काही वर्षं ह्यांना पहिल्या तीन रांगांतलंच तिकीट लागायचं, नाही मिळालं तर "राहू दे, त्या नाटकात काही दम नाही." मी समजायचे, वाढत्या वयाचे नखरे.

तर ऑक्टोबरमधली दुपार, ऊन बऱ्यापैकी, दोन बस नुकत्याच रिकाम्या झालेल्या. हे म्हणाले मी अगदी वर जातो, तू खाली दगडावर उभी राहून बोल, नाटकातलं काही नको, साधं बोल, घरात बोलतेस तसं. आणि चढले. गुडघे धरून, मध्ये दोनदा थांबून, शेवटच्या रांगेपर्यंत. वरून हात केला. मी आजूबाजूला बघितलं, लाज वाटत होती, पण कुणाला कळतंय इथे मराठी, म्हणून दगडावर उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, येतंय का ऐकू?"

ह्यांनी अंगठा वर केला.

मला इतकं भारी वाटलं ना. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी काय बांधलंय! मग मी म्हटलं, "पाण्याची बाटली माझ्याकडे आहे की तुमच्याकडे?" पुन्हा अंगठा. मला वाटलं मजा करतायत. मी म्हटलं, "बाटली कुणाकडे आहे?" अंगठा, आणि वर मान हलवून हसणं. ते हसणं मी ओळखते. माझ्या माहेरच्यांच्या गप्पांत बसल्यावर हे तसं हसतात. नाटकात सगळे हसले की अर्ध्या सेकंदाने तसंच हसतात. पोटात काहीतरी हललं माझ्या. मी तिथेच, त्याच आवाजात म्हटलं, "तुम्हाला काहीही ऐकू येत नाहीये ना?"

अंगठा वर.

आणि मधल्या रांगांतून खळखळून हसू आलं. निम्म्यावर एक कुटुंब बसलं होतं, आई-बाबा आणि एक कॉलेजातली मुलगी, आपलीच माणसं. मराठी माणूस कुठे भेटेल याचा नेम नाही. त्यांना अर्थातच वाटलं की आमचं नवरा-बायकोचं गमतीगमतीचं चाललंय. ती मुलगी उठून उभी राहिली, वर वळली आणि हाताचा कर्णा करून ओरडली, "काकाऽ, काकू विचारतायत तुम्हाला ऐकू येतंय काऽऽ!" तिचा काही दोष नाही हो. गोड मुलगी होती. पण ते तिचं ओरडणं ह्यांना ऐकू आलं, आणि त्यावरून आधीचं काय असेल ते समजलं. अंगठा खाली आला. मग हे उतरायला लागले. ५५ रांगा उतरायला किती वेळ लागतो, आणि आपण खाली दगडावर उभं राहून फक्त बघत राहायचं. दगडावरून हलावं हेही सुचलं नाही मला. त्या मुलीच्या शेजारून जाताना हे तिला "थँक यू बेटा" म्हणाले. मला ते स्पष्ट ऐकू आलं, म्हणजे ध्वनिशास्त्र उलट्या बाजूनेही चालतं म्हणायचं.

म्युझियममध्ये तो मुका मुलगा भेटला. बाप त्याला देवापाशी घेऊन येतो, देवळातला सेवक बापाला विचारतो, काम झालं तर वर्षाच्या आत देणगी आणून देशील ना, आणि बाप उत्तर देण्याआधी मुलगाच बोलतो, देईन. हे मी ह्यांना वाचून दाखवत होते. मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून. हे म्हणाले, "ओरडू नकोस, लोक बघतायत."

रात्री नाफ्लिओच्या धक्क्यावर बसल्यावर, समोर पाण्यातला तो बुर्ट्झी किल्ला, सगळं बाहेर आलं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. फोनवर हो-हो म्हणून मेसेज करायला सांगायचे. नाटकाला जायच्या आधी परीक्षण वाचून ठेवायचे, म्हणजे घरी परतताना माझ्याशी बोलायला मुद्दे असावेत. हे ऐकून मला रडू यायला हवं होतं, मला राग आला. एवढी वर्षं मी रिक्षात ज्या माणसाशी दुसऱ्या अंकावर वाद घातला तो पेपरातल्या परीक्षणाशी घातला की काय?

सकाळी हे म्हणाले, मला आठ जणांच्या टेबलावर बसून आता हसायचं नाहीये, तू जा त्यांच्याबरोबर. झालं. हे आहे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फेरी गेली.

नाफ्लिओत आम्ही काय केलं? पालामिडीच्या ९९९ पायऱ्या म्हणतात त्या चढलो नाही, टॅक्सीने वर गेलो. व्हेनिसवाल्यांचा किल्ला, १७११ ते १७१४ एवढ्यात बांधून झाला आणि पुढच्याच वर्षी तुर्कांनी घेतला. कापोदिस्त्रियास, स्वतंत्र ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख, यांचा १८३१ मध्ये खून झाला ते चर्च गावातच आहे, भिंतीतली गोळीची खूण काचेखाली जपलीये. मायसिनी या प्राचीन शहराच्या अवशेषांना गेलो, सिंहाचा दरवाजा बघितला. आणि तिथेच खाली रस्त्याला ती घुमटाची कबर आहे, ट्रेझरी ऑफ अट्रिअस म्हणतात, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वर निमुळती होत गेलेली, काळोखी. आत पंधरावीस माणसं बोलत होती आणि सगळ्यांचे आवाज एकमेकांत कालवले जात होते, मला समोरच्याचं काही समजेना. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मला लग्नाच्या हॉलमध्ये असं ऐकू येतं." हे एक वाक्य मला ठाण्यातल्या ऑडिओलॉजिस्टच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त समजावून गेलं, जरी फी तिने घेतली.

तिने सांगितलं ते असं, की वयाने कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं जातं. स, श, फ, थ ही मंडळी. स्वर राहतात, व्यंजनं गळतात. आता गंमत बघा, २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी मांडलं की एपिडॉरसच्या त्या दगडी रांगा खालच्या पट्टीतला आवाज, साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा, दाबतात, म्हणजे वाऱ्याची घरघर, लोकांची कलकल वगैरे, आणि वरच्या पट्टीतलं पुढे पाठवतात. म्हणजे ते थिएटर वर जे पोचवतं, नेमकं तेच ह्यांच्याकडून गेलेलं! मी हे वाचून दाखवलं तर ह्यांनी लगेच दुसरा अभ्यास काढला. २०१७, आइंडहोवन, नेदरलँड्स. तिथल्या संशोधकांनी थिएटरात प्रत्यक्ष जाऊन मोजमापं घेतली आणि म्हणाले, नाणं पडल्याचा आवाज सगळीकडे जाणवतो पण ते नाणं आहे हे निम्म्या रांगांपर्यंतच ओळखता येतं, कुजबुज तर पहिल्या रांगेपुरतीच. शेवटपर्यंत शब्द न्यायचे तर नटाने खणखणीत बोलायला हवं. "तू खणखणीत बोलली नव्हतीस. आणि ती मुलगी निम्म्यावर होती, मी शेवटच्या रांगेत. शास्त्र माझ्या बाजूने आहे."

मग अंगठा का वर केलात? "तू हात हलवलास म्हणून. बघून केला, ऐकून नाही."

यावर काय बोलणार. मशीन घेतलंय, दोन्ही कानांचं, टीव्हीपुरतं घालतात, मी बोलायला लागले की कधीकधी डबीत जातं. आणि तुम्ही सगळे आता मला म्हणणार की इतकी वर्षं बिचाऱ्यांना "लक्षच नसतं तुमचं" म्हणत आलीस. म्हणत आले. अजूनही म्हणते. कारण लक्ष नसायचंच, कान ठणठणीत होते तेव्हापासूनचं आहे ते, आणि ऑडिओग्रामवर लक्षाची रेघ नसते. किती कानाचं आणि किती स्वभावाचं याचा हिशोब मला लागलेला नाही, ह्यांना लावायचा नाहीये.

सध्या घरात चाललंय ते असं, की एखाद्या उन्हाळ्यात परत जायचं, नाटक चालू असताना, आणि दुपारी ती चाचणी नीट करायची, एकदा मशीन घालून, एकदा काढून. मी म्हणते या वेळी तुम्ही खाली उभे राहा, गुडघे माझे बरे आहेत, वर मी बसते. हे म्हणतात, नको, तुला ऐकू नाही आलं तरी तू अंगठा दाखवशील.